छापील तिकिटाचं कात्रण पाकिटावर चिकटवलेलं: घ्यावं की सोडावं?

कात्रीबंद
टपाल-तिकिटांच्या डीलरांच्या याद्यांत ‘कट-आउट ऑन कव्हर’ ही नोंद वरचेवर दिसते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पोस्टाच्या लिफाफ्यावर, कार्डावर किंवा वर्तमानपत्राच्या वेष्टनपट्टीवर जे तिकीट छापलेलं असतं ते कापून दुसऱ्याच पाकिटावर चिकटवलेलं, आणि ते पाकीट टपालातून गेलेलं.

माझे तीन प्रश्न.
१) कात्रण खरंच त्या पाकिटावरून गेलं की मागाहून कुणी डकवलं, हे कसं ओळखायचं?
२) सुट्या कात्रणाला कुणी विचारत नाही, मग पाकिटावरच्याला भाव का?
३) काही डीलर अशाच मालाला ‘इम्पर्फ’ म्हणतात, म्हणजे दाते न पाडलेलं तिकीट. कात्रण आणि इम्पर्फ यांतला फरक तिकीट न सोडवता कळतो का?

शिक्कामोर्तब
पहिल्याचं उत्तर शिक्क्यात आहे, आणि शिक्का जिथे कात्रणाची कड ओलांडून पाकिटावर उतरतो त्या दोन मिलिमीटरांत आहे.

लिफाफ्याचा किंवा कार्डाचा कागद साध्या तिकिटाच्या कागदापेक्षा जाड. म्हणजे कडेला पायरी तयार होते. हातशिक्का वरून आपटला की कात्रणावर दाब पूर्ण बसतो, पायरीच्या पायथ्याशी मात्र शाई पोचत नाही. त्यामुळे वर्तुळाची रेघ कडेला क्षणभर तुटते, केसाएवढी पांढरी फट राहते आणि पुढे पाकिटावर रेघ पुन्हा सुरू होते, बहुधा थोडी फिकट. कार्डाच्या कात्रणाला ही फट नुसत्या डोळ्यांना दिसते, पातळ वेष्टनपट्टीला भिंग लागतं.

आता उलट बाजू. जाड कात्रण आहे आणि शिक्क्याची रेघ पायरीवरून लोण्यासारखी सरळ गेली आहे, तर हात आखडता घ्या. तो पाकिटावरचा भाग पेनाने किंवा कुंचल्याने जोडलेला असू शकतो. दहापट भिंगाखाली शिक्क्याच्या शाईला कडेला किंचित जाड ओठ दिसतो, कारण धातूच्या दाबाने शाई बाहेर ढकलली जाते. रंगवलेल्या रेघेला तो ओठ नसतो, ती कागदाच्या तंतूंत पसरलेली असते.

शिक्का फक्त कात्रणावर आहे आणि पाकिटावर त्याचा मागमूस नाही, तर ते कात्रण आधीच वापरलेल्या लिफाफ्यातून कापलेलं असण्याची शक्यता जास्त.

रेघोटी
+१. भर एवढीच की उठावाच्या (कागद दाबून चित्र वर आणलेल्या) तिकिटावर शिक्का सलग उमटतच नाही. राणीचं डोकं वर आलेलं, भोवतालची जमीन खाली. शाई गालावर, केसांवर बसते आणि खोलगट भागात तुटते. उठावावर गुळगुळीत अखंड वर्तुळ दिसलं तर ते शिक्क्याचं काम नव्हे.

दरपत्रक
शिक्क्याइतकंच महत्त्व हिशोबाला. तीन तारखा आणि एक बेरीज, या क्रमाने तपासा.

पहिली तारीख: ते छापील लिफाफ्याचं किंवा कार्डाचं तिकीट चलनात कधी आलं. शिक्का त्याआधीचा असेल तर विषय संपला.

दुसरी: त्या देशात कात्रण तिकीट म्हणून चालायला कधी लागलं. हे सगळीकडे सारखं नाही. ब्रिटिश पोस्टाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुभा दिली. नंतरच्या टपाल मार्गदर्शिकांत अट असायची की लिफाफा, कार्ड, लेटरकार्ड, वेष्टनपट्टी आणि तारेचा फॉर्म यांवरून कापलेलं तिकीट चालेल, मात्र ते अपुरं, फाटकं किंवा कसंही विद्रूप झालेलं नसावं. जुन्या जर्मन राज्यांतही असा वापर झाला. मिशेल हा जर्मन तिकीट-कॅटलॉग प्रशियासारख्या राज्यांच्या अशा कात्रणांची वेगळी नोंद ठेवतो.

तिसरी: ते चलनातून बाद कधी झालं. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला आलं आणि शिलिंग-पेन्सची जुनी तिकिटं फेब्रुवारी १९७२ अखेर बाद झाली. त्यानंतरच्या शिक्क्याचं जुन्या पेनीचं कात्रण ‘बिनतक्रार पोचलं’ म्हणून विकलं जात असेल तर ते क्लार्कच्या नजरेतून सुटलेलं आहे, नियमात बसलेलं नाही.

बेरीज म्हणजे कात्रण अधिक सोबतची साधी तिकिटं, बरोबर त्या दिवशीचा दर. वजनाचा टप्पा, देशी की परदेशी, रजिस्टर्ड की साधं, सगळं धरून. बेरीज जुळली तर पाकीट कामाचं. दर एक असताना चार वेगवेगळ्या रंगांची कात्रणं रांगेत डकवून दुप्पट-तिप्पट टपाल भरलं असेल तर ते शोभेचं.

जुनाबाजार
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना आवडणार नाही. अशा पाकिटांत खूप मोठा वाटा खुद्द डीलरांच्या टपालाचा आहे.

डीलरकडे खराब झालेली स्टेशनरी साचते. लिफाफ्याचा कोपरा दुमडलेला, कार्डावर पेन्सिलीने किंमत लिहिलेली, पाठीवर डाग. संग्राहक असा माल घेत नाही, पण छापलेल्या तिकिटाचं मूल्य शाबूत असतं. मग कात्री चालते आणि गिऱ्हाइकाला पाठवायच्या पाकिटावर ती कात्रणं लागतात. जुनी कोरी तिकिटं दर्शनी किमतीहून स्वस्तात मिळाली की डीलर ती टपालाला वापरतात, त्यातलाच हा प्रकार. वर गिऱ्हाईकही खूश, पाकीट जपून ठेवतं.

दुसरा स्रोत कार्यालयं. पत्ता चुकला, शाई सांडली, लिफाफा वाया गेला. तिकीट कापून नव्या लिफाफ्यावर लावलं. ही पाकिटं कुरूप असतात: एकच कात्रण, वाकडं कापलेलं, टंकलिखित पत्ता, बेरीज अचूक. शोधायची ती हीच.

शिक्कामोर्तब
जुनाबाजार, पाकीट डीलरचं म्हणून ते खोटं ठरत नाही. दर बरोबर, मुदत बरोबर, शिक्का बरोबर, मग पाठवणारा डीलर होता की दूधवाला, पोस्टाला काय फरक पडतो?

जुनाबाजार
पोस्टाला पडत नाही, किमतीला पडतो. यादीत ‘अस्सल व्यापारी वापर’ असं लिहिलेलं असतं आणि पत्ता तिकीट-व्यापाऱ्याचा किंवा नावाजलेल्या संग्राहकाचा निघतो. तेव्हा ‘व्यापारी’ शब्दाचा अर्थ फारच सैल झाला म्हणायचा! माझं म्हणणं एवढंच की पाठवणाऱ्याचा पत्ता, पाकिटावरचा छाप आणि पाठीमागचा शिक्का वाचल्याशिवाय भाव मान्य करू नका.

टिचकी
म्हणजे डीलरने स्वतःच्या कात्रीने कापलेलं, स्वतःच्या डिंकाने डकवलेलं, स्वतःच्याच गिऱ्हाइकाला पाठवलेलं पाकीट पुढे दुसरा डीलर ‘दुर्मिळ’ म्हणून विकतो. आवळा देऊन कोहळा ऐकला होता, इथे आवळ्याची सालसुद्धा वाया जात नाही.

खळवाला
डिंकाकडे कुणी वळलेलं नाही म्हणून लिहितो.

कात्रणाच्या पाठीला पोस्टाचा डिंक नसतो. पाठवणाऱ्याने हाताशी असेल ते लावलेलं: पिठाची खळ, बाभळीच्या डिंकासारखा पातळ डिंक, नंतरच्या काळात कार्यालयातला सरसाचा किंवा बाटलीतला गोंद. म्हणून कात्रणाखालचा चिकटवा जागोजागी कमीजास्त असणं स्वाभाविक. कडेला तपकिरी किनार, मध्ये फुगवटा, कोपरा उचललेला, हे सगळं जुन्यात चालतं.

तपासायचं असं. पाकीट उजेडासमोर आडवं धरून कडेने बघा. चिकटवा कात्रणाबाहेर ओघळलेला असेल तर शिक्क्याची शाई त्या ओघळावर बसलेली असायला हवी. ओघळ शाईच्या वर चढलेला दिसला तर कात्रण शिक्क्यानंतर लावलं किंवा पडलेलं पुन्हा चिकटवलं. दुसरा प्रकार लबाडीचा असेलच असं नाही, पण यादीत लिहिलेला असला पाहिजे. अतिनील दिवा असेल तर तोही फिरवा. जुनी खळ आणि आधुनिक पांढरा गोंद त्याखाली सहसा वेगवेगळे चमकतात. त्या चमकेवर एकट्यावर निकाल देऊ नये, इतर खुणांबरोबर मोजावी.

उठावाच्या कात्रणाच्या पाठीला खळगा असतो, कारण ठसा खालून वर आलेला. खळ घट्ट असेल तर तो खळगा भरून डोकं टणक होतं. बोटाने दाबून बघायचा मोह आवरा. एकदा बसलेला उठाव परत येत नाही.

धागेदोरे
उठावाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

सगळी उठावाची अष्टकोनी तिकिटं म्हणजे कात्रणं नव्हेत. ब्रिटनची १८४७ ची एक शिलिंग (हिरवं), १८४८ चं दहा पेन्स (तपकिरी) आणि १८५४ चं सहा पेन्स (जांभळट) ही खरी, डिंक लावून विकलेली तिकिटं. नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या विल्यम वायनच्या ठशावरून एकेक करून हाताने उठवलेली, दाते नाहीत. एक शिलिंग आणि दहा पेन्सचा कागद डिकिन्सन या कागदवाल्याचा, त्यात दोन समांतर रेशमी धागे विणल्यासारखे पुरलेले. सहा पेन्सच्या कागदात धागे नाहीत, व्हीआर (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया) अक्षरांचं जलचिन्ह आहे.

पुढे १८५५ पासून लोकांनी स्वतःचा कागद नेऊन द्यायचा आणि सरकारने त्यावर तिकीट उठवून द्यायचं, अशी सोय झाली. त्या ठशांत तिकिटाच्या चौकटीतच तीन बारीक वर्तुळं असतात आणि त्यांत दिवस, महिना, वर्ष. अष्टकोनी सहा पेन्समध्ये अशी तारीख दिसली की ते कात्रणच, कितीही सुंदर असो.

टिचकी
रेशमी धाग्यांवर धागा काढून धागेदोरे यांनी धाग्याचं सार्थक केलं. 😄

धागेदोरे
धागा उसवू नका. मुद्दा राहिला. जुन्या संग्राहकांनी ही अष्टकोनी तिकिटं आकाराबरहुकूम कापली, म्हणजे आठही बाजू रंगाला लागून. त्याने किंमत पार उतरते. मग काही महाभाग आकारात कापलेल्या नगाला मागून कागद जोडून चौकोनी करतात. उजेडात धरलं की अष्टकोनाच्या भोवती जोडाची रेषा दिसते, आणि रेशमी धागा जोडाशी तुटतो. खऱ्या चौकोनी नगात धागा कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग जातो.

उत्तरध्रुव
फिनलंडचं उदाहरण याहून गमतीचं. तिथे १८४५ पासून छापील लिफाफे होते, तिकिटं आली १८५६ मध्ये. तिकिटांसाठी लिफाफ्याचेच अंडाकृती ठसे वापरले. मग कात्रण आणि तिकीट ओळखायचं कसं? तिकिटासाठी वापरताना ठशातल्या दोन टपाल-शिंगांच्या (टपालवाल्याच्या तुताऱ्यांच्या) तोंडात बारीक मोती कोरले. मोती आहे तर तिकीट, नाही तर लिफाफ्याचं कात्रण. पाच आणि दहा कोपेकच्या या नगांत पेनाने रेघ मारून रद्द केलेले खूप सापडतात. नेमका शिंगावर पेनाचा फराटा असेल तर फोटोवरून खरेदी करू नये.

कात्रीबंद
वाखुसा (वाचनखूण साठवली)! तिसरा प्रश्न अजून अधांतरी आहे हो. कात्रण की इम्पर्फ, पाकिटावरून न सोडवता?

दरपत्रक
थोडं थांबा, त्याआधी चौकोनी कात्रणांबद्दल, नाहीतर कुणीतरी कात्री घेऊन बसेल.

एकोणिसाव्या शतकातल्या छापील अल्बमांत लिफाफ्याच्या तिकिटांसाठी लहान चौकोन आखलेले असत. पूर्ण लिफाफा त्यात मावत नसे, म्हणून हजारो लिफाफे कापले गेले. डीलरही गठ्ठ्याने कापून विकत. अमेरिकेच्या लिफाफ्यांच्या (पहिले १८५३ चे, नेस्बिट यांच्या कंत्राटातले) बाबतीत ‘कट स्क्वेअर’ हा वेगळा संग्रहप्रकारच झाला. स्कॉट हा अमेरिकी कॅटलॉग त्यांना ‘यू’ क्रमांक देतो आणि कापलेल्या चौकोनाचा व पूर्ण लिफाफ्याचा भाव वेगळा छापतो.

कापल्यावर काय जातं? लिफाफ्याचा आकार, झडपेचा घाट, कागदाच्या आडव्या-तिरप्या रेषा कुठून कुठे जातात ते, जलचिन्हाचा मोठा भाग. एकाच तिकिटाचे प्रकार कित्येकदा याच गोष्टींवरून ठरतात. म्हणून ज्यांच्याकडे पूर्ण लिफाफा आहे त्यांनी कात्री खाली ठेवावी. आधीच कापलेला घेत असाल तर चारी बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर कोरा कागद बघा. ‘फुल कॉर्नर’ म्हणजे उजवा वरचा कोपरा घडीसकट, पाठीमागच्या कागदासह. तो चौकोनापेक्षा बरा, कारण त्यात घडी आणि झडपेचा थोडा पुरावा उरतो.

खळवाला
आणि भिजवू नका! पाकिटावरचं कात्रण सोडवायचं तर नाहीच, सुट्या चौकोनालाही आंघोळ नको. उठाव म्हणजे ठसा आणि प्रतिठसा यांच्यामध्ये दाबून ताणलेले कागदाचे तंतू. पाणी लागलं की ते सैल पडतात, सुकताना कागद सपाट होतो, राणीचं नाक जातं. वजनाखाली दाबून सुकवलं तर उरलंसुरलं जातं. रंगही सगळे पाण्याला टिकणारे नसतात.

ठेवायचं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या खिशात, पाकीट उभं, गच्च भरलेल्या फाइलमध्ये नाही. पीव्हीसी नको, त्यातला मऊपणाचा पदार्थ शाईत उतरतो.

रेघोटी
कात्रण आणि इम्पर्फचा प्रश्न मी घेते.

आधी रचना बघायची. लिफाफ्याच्या आणि कार्डाच्या तिकिटाचा नक्षा बहुधा चिकटवायच्या तिकिटाहून वेगळा असतो: गोल, अंडाकृती किंवा अष्टकोनी चौकट, वेगळं अक्षर, भोवती मोकळा कागद. कॅटलॉगात चिकटवायच्या तिकिटांत हा नक्षा नाहीच, तर इम्पर्फचा प्रश्न तिथेच मिटतो. नवशिके हमखास फसतात ती ईस्ट इंडिया काळची अर्धा आण्याची गोल उठावाची निळी मुद्रा. ती लिफाफ्याची.

नक्षा सारखाच असेल तर कागदाकडे. कार्डाची जाडी साधारण ०.२ मिमी किंवा जास्त, तिकिटाच्या कागदाची त्याच्या निम्म्याच्या आसपास. पाकिटावर असताना मायक्रोमीटर चालत नाही, पण पाकीट डोळ्यांच्या रेषेत धरून कडेची सावली बघा. एकाच पाकिटावर शेजारी साधं तिकीट असेल तर तुलना फुकट मिळते. वेष्टनपट्टीचा कागद पातळ आणि बदामी, तोच सर्वांत फसवा, कारण जाडी मदत करत नाही. तिथे रंग आणि तंतू बघावे लागतात. हवाईपत्राचा कागद निळसर. रजिस्टर्ड लिफाफ्याला आतून कापड लावलेलं असतं, कापलेल्या कडेला त्याचे सुताचे टोक दिसतात.

जलचिन्ह हा तिसरा आधार, पण पाकिटावर नीट दिसेलच असं नाही. पेट्रोलियमचं द्रव त्यासाठी पाकिटावर ओतू नये, पत्त्याची शाई पळते.

आणि जोडी! इम्पर्फ म्हणून मोठी किंमत मागत असतील तर जोडी मागा, दोन तिकिटं एकमेकांना जोडलेली. सुट्या एका नगाचे दाते कापूनही इम्पर्फ बनवता येतं, कात्रण तर आहेच. छापील लिफाफ्यावर तीच दोन तिकिटं तिकिटांच्या तावातल्यासारखी चिकटून शेजारी सहसा येत नाहीत.

शिक्कामोर्तब
रेघोटी यांच्या प्रतिसादाला एक अपवाद. जास्त दर भरायचा म्हणून एकाच लिफाफ्यावर दोन वेगळ्या मूल्यांचे ठसे उठवून घेत. दोन ठसे जवळजवळ दिसले की लगेच ‘जोडी’ समजू नका.

रेघोटी
मान्य. म्हणूनच ‘तीच दोन’ लिहिलं होतं. 🙂

कात्रीबंद
आभार सगळ्यांचे. आता एक नेमका नग विचारतो. ब्रिटिश पाकीट, परदेशी जाणारं, मुदत बरोबर. कात्रण उठावाचं, पण गोलाकार अगदी रंगाला लागून कापलेलं. त्यावर शिक्का नाही. शेजारी टी अक्षराचा ठसा, आणि पोचलेल्या देशाची थकबाकीची (कमी पडलेलं टपाल घेणाऱ्याकडून वसूल करायची) तिकिटं शिक्क्यासह. डीलरने ‘दोषयुक्त, शिक्का न बसलेला’ म्हणून तळाला टाकलंय.

दरपत्रक
दोष नव्हे, तीच त्या पाकिटाची हकिगत. आकारात कापलेलं कात्रण म्हणजे ‘अपुरं’ किंवा ‘विद्रूप’ ठरवायला क्लार्कला आधार मिळाला. त्याने ते नाकारलं, म्हणून रद्द केलं नाही, आणि टपाल न भरल्याची टी खूण केली. कात्रणाभोवती पेन्सिलीचं किंवा निळ्या खडूचं वर्तुळ आहे का बघा, नाकारलेलं तिकीट असं घेरायची पद्धत होती. थकबाकीची रक्कम कमी पडलेल्या टपालाशी जुळते का तेही काढा. सर्वसाधारणपणे तुटीची दुप्पट वसूल होई.

खळवाला
एक खात्री करून घ्या: शिक्का नसलेलं कात्रण मागून डकवणं सर्वांत सोपं. थकबाकीच्या तिकिटाचा शिक्का किंवा टी ठसा कात्रणाच्या कडेवर थोडा तरी चढलाय का? नसेल तर कात्रणाच्या कडेने पाकिटाचा रंग बघा. खूप वर्षं झाकलेला कागद आणि उघडा कागद यांच्या रंगात फरक पडतो. उचललेल्या कोपऱ्याखाली कागद उजळ असायला हवा.

कात्रीबंद
निळ्या खडूचं वर्तुळ आहे. अर्धं कात्रणावर, अर्धं पाकिटावर, आणि कडेला रेघ तुटलेली.

शिक्कामोर्तब
मग डीलरला तळातलं वर काढायला सांगू नका. गुपचूप तळातून घ्या.